सायलेन्सरचा जाम बोल्ट घरी खोलताना: जोर कमी, सबुरी जास्त

आजचा एपिसोड हात काळे करणारा आहे. गाडीखाली झोपल्यावर मोबाइलला हात लावता येत नाही आणि ऐकलेलं नेमकं त्याच वेळी विसरतं, म्हणून सगळं इथे लिहूनही देतोय. आधी एकदा शांतपणे वाचा, मग पान्याला हात घाला.

विषय साधा वाटतो. गाडीच्या सायलेन्सरचे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या अख्ख्या पाइपाचे, नट-बोल्ट गंजून जाम झालेत. पॅकिंग बदलायचंय, पाइप बदलायचाय किंवा नुसता आवाज येतोय म्हणून बघायचंय. आणि नट काही केल्या हलत नाही.

अशा वेळी आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला: पान्याला लांब पाइप लावायचा, पाय टेकवायचा आणि ओढायचं. तिथेच गडबड होते. 8 मिमीचा नेहमीचा बोल्ट आवळायला साधारण 25 न्यूटन-मीटर इतका पीळ पुरतो. 30 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर तुम्ही 20 किलोचा भार टाकला, तर तो पीळ जवळजवळ 60 न्यूटन-मीटर होतो. म्हणजे पाइप न लावताच तुम्ही दुपटीच्या पुढे गेलात. त्यात बोल्ट गंजून आधीच बारीक झालेला. तो सुटत नाही, तुटतो. आणि तुटल्यावर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं.

तर आजच्या एपिसोडचं सार एवढंच: जाम बोल्ट ताकदीने सुटत नाही. तेल, वेळ, ठोके आणि उष्णता यांनी तो सुटतो. आणि कुठे थांबायचं हे आधी ठरवलं, तर गाडीही वाचते आणि आपणही.

आवाजच तर येतोय, मग एवढं काय?

बरेच जण म्हणतात, "फटफट आवाज येतोय, येऊ दे ना भाऊ, गाडी तर चालतेय." थांबा. आवाज येतोय म्हणजे धूर भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतोय. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा असेल.

गाडी पळत असताना हा धूर बऱ्यापैकी मागे उडून जातो. धोका उभ्या गाडीत जास्त असतो. आता आपल्याकडचा उन्हाळा डोळ्यासमोर आणा. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 ला टेकतो. लग्नाला गेलो, मांडवात बसवत नाही, म्हणून दोघं-तिघं एसी लावून गाडीत बसतात आणि डुलकी लागते. त्याच गाडीचा पाइप केबिनच्या खाली गळत असेल, तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून गळती असलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. दुरुस्ती होईपर्यंत तर अजिबात नाही.

गळती ओळखायची कशी? सकाळी थंड गाडी सुरू केली की पुढून "टिक-टिक-टिक" आवाज येतो आणि गाडी गरम झाली की कमी होतो. धातू तापून फुगतो आणि फट थोडी बुजते म्हणून तसं होतं. दुसरी खूण म्हणजे जोडाच्या आजूबाजूला काळी काजळी. तिसरी खूण मायलेज. गळती पुढच्या बाजूला, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग इंजिनाचा कॉम्प्युटर उगाच जास्त पेट्रोल सोडतो. खिशाला भोक पडतं ते असं.

बोल्ट जाम होतो म्हणजे नक्की काय होतं?

लोखंड गंजलं की ते फुगतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जागा असते केसापेक्षा बारीक. तिथे गंज फुगला की तो आतून पाचर मारल्यासारखा बसतो. शिवाय इंजिनाजवळचा भाग रोज चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो आणि पुन्हा गार होतो. तापला की पसरतो, गार झाला की आकसतो. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की आटे एकमेकांत रुतून बसतात.

आता तुम्ही म्हणाल, आपला खान्देश तर कोरडा, इथे कुठला गंज? बरोबर आहे, कोकणाच्या मानाने इथे गंज कमी. यूट्यूबवर अमेरिका-कॅनडातल्या गाड्यांचे खालून अक्षरशः पापुद्रे निघताना दिसतात, कारण तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे ते नाही. पण आपली तीन कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण, छोट्या फेऱ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन पाइपातून बाहेर जातं. पण असोद्याहून जळगावात गेलो आणि परत आलो, एवढ्याशा फेरीत मागचा सायलेन्सर नीट तापतच नाही. वाफ आतच पाणी होऊन साचते आणि लोखंड आतून सडतं. रोज हायवेवर पळणाऱ्या गाडीपेक्षा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आधी सडतो, त्याचं कारण हे.

दुसरं कारण, काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी नेली की तो चिखल जोडांवर, क्लॅम्पवर थापला जातो. काळी माती पाणी धरून ठेवते. वरून वाळलेली दिसली तरी आत ओल असते. पाऊस संपला की गाडी वरून धुतो आपण, खालून कोण धुतं?

तिसरं कारण, सेकंडहँड गाड्या. आपल्या एमएच 19 किंवा धुळ्याच्या एमएच 18 पासिंगची गाडी असेल तर ठीक. पण मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडून आलेली गाडी स्वस्तात मिळाली असेल, तर तिने समुद्राची खारी हवा खाल्लेली असते. वरून रंग चकाचक, खाली बोल्टचं डोकं चिंचोक्याएवढं उरलेलं. अशा गाडीला हात लावायच्या आधी खालून टॉर्च मारून बघा.

आधी ठरवा: कोणता बोल्ट?

सगळे बोल्ट सारखे नसतात. मी त्यांचे तीन गट करतो.

पहिला गट मागचा. मागचा सायलेन्सर, त्याचे क्लॅम्प, त्याचा जोड. इथे बोल्ट आरपार असतो, म्हणजे एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला नट. तुटला तरी बिघडत नाही, उलट काही वेळा मुद्दाम कापायचाच असतो. नवशिक्याने सुरुवात इथून करावी.

दुसरा गट मधला. पुढचा पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांचे जोड. अनेक छोट्या गाड्यांत इथे स्प्रिंग लावलेले बोल्ट असतात. स्प्रिंग ताणात असते, बोल्ट निघताना ती उडू शकते. इथे जपून.

तिसरा गट पुढचा. इंजिनाच्या हेडला मॅनिफोल्ड ज्या स्टडने बसवलेला असतो तो. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, एक टोक हेडमध्ये रुतलेलं आणि दुसऱ्या टोकावर नट. हेड बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचं असतं, स्टड लोखंडाचा. तो आत तुटला तर ड्रिल मारून काढावा लागतो, आणि ड्रिल जरा तिरका गेला तर हेडच खराब. हा गट घरी करायचा असेल तर फक्त तेल आणि साध्या पान्यापर्यंत. नट नाही हलला तर गाडी मेकॅनिककडे. यात कमीपणा काही नाही.

गाडी उचलताना

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आजच्या एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

गाडीसोबत मिळतो तो जॅक चाक बदलण्यासाठी असतो, खाली झोपण्यासाठी नाही. खाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड हवाच, म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात तो. जोडी विकत मिळते किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी आणता येते. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड रचून गाडी टेकवायची नाही. वीट बघता बघता फुटते, आणि आपण जोर लावतोय तो गाडी हलवणाराच जोर असतो.

जमीन पक्की हवी. अंगणातल्या मातीत, शेणाने सारवलेल्या जागेत जॅक हळूहळू रुततो. सिमेंटचा कोबा किंवा फरशीचा पक्का ओटा बघा. मागची बाजू उचलणार असाल तर एक लक्षात ठेवा: हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच लागतो, आणि ती तर तुम्ही हवेत उचललीत. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. स्टँडवर गाडी बसली की खाली शिरायच्या आधी बाहेरून तिला चांगला धक्का मारून बघा. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

एकट्याने काम करू नका. घरात कुणाला तरी सांगा, "मी गाडीखाली आहे, दर थोड्या वेळाने हाक मार."

डोळ्यांवर चष्मा, साधा वेल्डरचा पांढरा गॉगलसुद्धा चालेल. खाली झोपून वर बघत ठोकायचं म्हणजे गंजाचे कण सरळ डोळ्यात. कण गेलाच तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं आणि टोचत राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि इंजिन पूर्ण गार पाहिजे. संध्याकाळी गाडी उभी केली तर काम सकाळी.

पहिला दिवस: फक्त तेल

पहिल्या दिवशी पान्याला हातच लावायचा नाही. आज फक्त तारेचा ब्रश आणि तेल.

ब्रशने नटाच्या बाहेर आलेले आटे घासून स्वच्छ करा. हे आटे घाण राहिले तर नट थोडा सुटून पुन्हा त्याच गंजावर अडकतो. मग गंज सोडवणारं तेल मारा. नटाच्या दोन्ही बाजूंनी, आट्यांच्या मुळाशी. अर्ध्या तासाने पुन्हा. रात्री झोपताना पुन्हा. सकाळी पुन्हा.

डब्ल्यूडी-40 सगळ्यांना माहीत आहे. त्याची गंमत अशी की ते 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत बनलं, पाणी हटवण्यासाठी. नावातले डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे, आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न जमला. क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. हलक्या गंजाला ते चालतं. पण बोल्ट जुना आणि जाम असेल तर खास गंज सोडवणारा स्प्रे घ्या, दुकानात "रस्ट पेनिट्रेटिंग" असं विचारलं की मिळतो. घरात काहीच नसेल तर डिझेलही काम करतं, फक्त त्याला वेळ जास्त द्यावा लागतो. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे जाम बोल्ट आपल्याकडे रात्रभर डिझेल लावून ठेवतात, तीच युक्ती.

एक सूचना खास आपल्या भागासाठी. स्प्रेच्या डब्यावर लिहिलेलं असतं, 50 अंशांच्या वर तापू देऊ नका. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत त्याहून जास्त तापतं. डबा डॅशबोर्डवर किंवा डिकीत विसरू नका.

दुसरा दिवस: बरोबर पाना, बरोबर दिशा

नटाचे कोपरे गोल झाले की खेळ संपला. म्हणून पाना नेमक्या मापाचा हवा. मारुतीसारख्या जपानी मूळ असलेल्या गाड्यांत बहुधा 12 आणि 14 चे नट भेटतात, टाटा-महिंद्राच्या गाड्यांत 13 आणि 17 चे. 13 च्या नटावर 14 चा पाना "बसतोय ना, चालेल" करून लावला की कोपरे गेलेच समजा. गंजाने नट बारीक झाला असेल तर एक माप छोटा पाना हातोडीने ठोकून बसवता येतो.

फिक्स पाना नको, तो नटाला दोनच बाजूंनी धरतो. गोटी पाना घ्या, तोही सहा कोपऱ्यांचा. बारा कोपऱ्यांची गोटी जुन्या नटावर घसरते.

दिशा. नटाकडे तोंड करून बघा, घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो. गाडीखाली झोपल्यावर डोकं गोंधळतं, तेव्हा स्वतःला विचारा, "मी नटाच्या तोंडाकडून बघतोय की बोल्टच्या मागून?" मागून बघत असाल तर दिशा उलटी दिसते. "जाम आहे" म्हणून ओढतोय आणि प्रत्यक्षात आपण आवळतोय, असं भल्याभल्यांचं होतं.

आता क्रम असा.

एक, नटाच्या बाजूंवर हातोडीने छोटे छोटे ठोके द्या. जोरात नाही, पण भरपूर. या हादऱ्याने गंजाची पाचर फुटते आणि तेल आत शिरतं. आट्यांच्या टोकावर मारू नका, ते चेपले तर नट बाहेरच येणार नाही.

दोन, आधी किंचित आवळा. हो, आवळा. केसभर. गंजाची पकड दोन्ही दिशांनी तुटते.

तीन, मग सोडवा. हलला की लगेच पुढे पळू नका. पाव फेरा सोडला, अर्धा मागे आवळला, तेल मारलं, परत पाव फेरा. सुटलेला गंज पुढच्या आट्यात दाटला तर नट मधेच जाम होतो आणि तिथेच तुटतो.

हाताला काय जाणवतं ते समजून घ्या. "कर्रर्र" किंवा "टक" असा कोरडा आवाज येऊन नट हलला, तर चांगलं, गंज सुटला. पण आवाज न होता पाना मऊ मऊ, रबरासारखा फिरतोय असं वाटलं, तर थांबा. नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय. आणखी पाव फेऱ्यात तो तुटेल. पाना काढा, तेल मारा, उद्या बघू.

तापवणं: काम करतं, पण नियम पाळून

जुन्या काळी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवायचे, आजोबांना विचारा. धाव चाकापेक्षा थोडी छोटीच असायची. लोहार ती भट्टीत लाल करायचा, ती पसरायची, चाकावर बसायची, आणि पाणी ओतलं की आवळून घट्ट व्हायची. आपल्याला याच्या उलट करायचंय. नट तापवायचा म्हणजे त्याचं भोक मोठं होतं. 10 मिमीच्या नटाचं भोक 300 अंश तापवल्यावर मिलिमीटरचा साधारण 35 हजारांश भाग एवढं वाढतं. हे केसाच्या जाडीच्या निम्मं म्हणा. पण गंजाची पकड तुटायला तेवढं पुरतं.

अट अशी की नट तापला पाहिजे, आतला बोल्ट नाही. भरताचं वांगं आपण आतपर्यंत शिजू देतो. नट तसा शिजवायचा नाही. बारीक ज्योतीवर बराच वेळ धरलं तर नट आणि बोल्ट दोन्ही तापतात, दोन्ही पसरतात आणि फायदा शून्य. तेज ज्योत, फक्त नटावर, थोडाच वेळ, आणि लगेच पाना.

आता नियम. हे मोडायचे नाहीत.

- गाडीला सीएनजी असेल तर खाली ज्योत अजिबात नाही. विषय संपला, गॅरेजला जा.
- पेट्रोल टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग किंवा रबर जवळ असेल तिथे ज्योत नाही. मागचा सायलेन्सर बऱ्याच गाड्यांत टाकीच्या शेजारीच असतो.
- कालचं तेल आधी कापडाने पुसून घ्या. स्प्रे मारायचा आणि लगेच पेटवायचं, हा आगीला बोलावण्याचा प्रकार आहे. तापलेल्या नटावरही स्प्रे मारू नका.
- ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत किंवा वेल्डिंग नाही. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावण असतं, ते तापलं की फॉस्जीन नावाचा वायू होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेलेला तोच वायू.
- जस्ताचा मुलामा असलेला चकचकीत नट तापवला तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. उघड्यावर काम करा आणि धुरापासून तोंड लांब ठेवा.
- बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. शेजारी अग्निशामक डबा, निदान वाळूची बादली.

ज्यांच्याकडे गॅस टॉर्च नाही त्यांनी तो खास आणायची गरज नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने तेल आणि ठोके इथपर्यंतच राहावं आणि तापवण्याचं काम वेल्डिंगवाल्याकडे द्यावं, असं माझं स्पष्ट मत.

ऑक्सिजन सेन्सरला जपा

पाइपावर स्क्रूसारखा बसलेला, वायर असलेला तुकडा दिसतो तो ऑक्सिजन सेन्सर. त्याला बहुतेक 22 चा पाना लागतो. वायर जाण्यासाठी खाच असलेली खास गोटी मिळते. त्याच्या आसपास तेलाचा फवारा उडवू नका, टोकाला तेल लागलं तर सेन्सर बिघडतो. हातोडीचे ठोकेही त्याच्या जवळ नकोत. आणि 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत पाइपावर आणखी सेन्सर आणि बारीक नळ्या असतात. काम सुरू करायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठून गेली हे नंतर तोच फोटो सांगतो.

एक गोष्ट अजून. "पाइप काढलाच आहे तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर रिकामा करून टाक, गाडी पळेल" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे, गाडी पीयूसीत अडकते, आणि आपल्याच गल्लीत आपणच विष सोडतो.

नाहीच सुटला तर? तुटलाच तर?

मागच्या जोडाचा आरपार बोल्ट असेल तर सरळ कापा. हॅकसॉ ब्लेडने किंवा ग्राइंडरने. ग्राइंडरच्या ठिणग्या लांब उडतात, म्हणून टाकीचा नियम इथेही लागू. नवा नट-बोल्ट जुन्यावर घातलेल्या मेहनतीपेक्षा खूप स्वस्त.

स्टडवरचा नट असेल तर नट स्प्लिटर नावाचं छोटं अवजार मिळतं, ते नटाच्या बाजूने पाचर घुसवून नट फोडतं. छन्नीनेही नट फोडता येतो, पण स्टडच्या आट्यांना धक्का लागू द्यायचा नाही.

आणि स्टड तुटलाच? मग सगळ्यात आधी हात थांबवा. किती बाहेर उरलाय ते बघा. बोटभर उरला असेल तर ग्रिप प्लायर लागू शकतो. थोडासाच उरला असेल तर सगळ्यात चांगला उपाय वेल्डिंगवाल्याचा: उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. यात दोन फायदे. पकडायला नवा नट मिळतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो.

बाजारात तुटलेला बोल्ट काढायचे इझी-आउट मिळतात, मधे भोक पाडून उलट्या आट्यांनी धरणारे. त्यांच्यापासून नवशिक्याने लांब राहावं. ते कडक पोलादाचे असतात. ते आतच मोडले तर त्यावर साधा ड्रिल चालत नाही, आणि मग लेथवर टर्नरकडे हेड खोलून न्यावं लागतं.

तुटलेल्या अवस्थेत गाडी चालवत गॅरेजला न्यायची वेळ आली तर सगळ्या काचा उघड्या, मागे लहान मुलं नाहीत, आणि वाटेत एसी लावून थांबायचं नाही.

परत बसवताना पुढच्या वेळेची सोय करा

खोलणं झालं, आता बसवणं. पुढच्या पाच वर्षांनी खोलणारा कदाचित तुम्हीच असाल, म्हणून त्याच्यासाठी काम सोपं करून ठेवा.

पॅकिंग नवंच. जुनं पॅकिंग दाबून चपटं झालेलं असतं. नट-बोल्टही नवे, आणि ते साध्या हार्डवेअरचे नकोत, गाडीच्या पार्टच्या दुकानातले घ्या. स्टडसाठी पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले नट मिळाले तर उत्तम, ते लोखंडाला गंजून चिकटत नाहीत. आट्यांवर तांब्याची अँटी-सीझ पेस्ट बोटाने पातळ लावा. साधं ग्रीस लावू नका, ते जळून कोळसा होतं. ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना मात्र त्याच्यासाठीची पेस्टच, आणि टोकाला काहीच नाही.

सगळे नट आधी हाताने लावा. मग समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पेस्ट लावलेली असेल तर आटे निसरडे होतात, तेव्हा त्या आकड्याच्या किंचित खालीच राहा. इथेही पाय टेकवायचा नाही.

तपासणी उघड्यावर करा. गाडी सुरू करायच्या आधी खालून सगळी अवजारं आणि माणसं बाहेर. थंड इंजिन सुरू करून जोडावर स्प्रे बाटलीने साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की गळती. हे पहिल्या मिनिटाभरात करायचं, पाइप तापल्यावर नाही. दोन-तीन दिवस गाडी चालवली, ती पाच-सहा वेळा तापली-गार झाली, की थंड असताना नट पुन्हा एकदा तपासून घ्या. नवं पॅकिंग थोडं बसतं, नट किंचित सैल होतो.

आणि दर वर्षी पावसाळा संपला, की खालचा चिखल धुवून काढा आणि महिन्यातून एकदा तरी गाडीला अर्धा-पाऊण तास सलग पळवा. भुसावळपर्यंत जाऊन आलात तरी सायलेन्सरमधलं पाणी उडून जाईल.

थोडक्यात काय, तर तेल रात्रभर, ठोके भरपूर, पाना मापाचा, आधी आवळा मग सोडवा, आणि पाना मऊ लागला की थांबा. मागचा बोल्ट आपला, मधला जपून, हेडचा स्टड मेकॅनिकचा. गाडीखाली जायच्या आधी स्टँड तपासा.

तुमच्या गाडीचा कुठला नट ऐकत नाहीये ते फोटोसकट पाठवा. पुढच्या भागात भेटू, हात धुऊन!